वादळवाऱ्याच्या प्रदेशातील छप्पर : नव्या छपराची निवड

दिनांक ३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान 'निसर्ग' हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोत १२० किलोमीटरपर्यंत, अशी हवामान खात्याची नोंद आहे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड आणि दापोली या तालुक्यांत काही तासांत हजारो घरांवरची कौले आणि पत्रे उडाले. कित्येक शाळा बिनछपराच्या झाल्या. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे याच मंडणगड तालुक्यातील. वादळ किनाऱ्यावरच थांबले नाही. ते घाट चढून पुणे जिल्ह्यात आले. खेड तालुक्यात घराची भिंत कोसळून एका वृद्ध महिलेचा अंत झाला. हवेली तालुक्यात घरावरचे पत्रे उडू नयेत म्हणून धडपडणारी एक व्यक्ती प्राणास मुकली.

हवेली आणि खेड म्हणजे आपलाच शेजार. थेरगाव समुद्रापासून दूर आहे, मध्ये सह्याद्री उभा आहे, म्हणून वादळ ही कोकणची चिंता, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. चक्रीवादळ क्वचित येईल. परंतु एप्रिल-मे महिन्यांत वळीव दरवर्षी येतो, आणि त्याच्या अगोदर धुळीचे लोट उठवीत सुटणारा वारा दहा-पंधरा मिनिटांत वस्तीतील पत्रे उचलून नेतो. १७ एप्रिल २०२३ रोजी अशाच वाऱ्यापावसात किवळे येथे महामार्गालगतचा लोखंडी जाहिरातफलक कोसळला आणि त्याखाली आडोशाला उभी असलेली पाच माणसे दगावली. जे लोखंड हलवायला क्रेन लागते, ते वाऱ्याने पाडले.

हा विषय स्मरणिकेत मांडण्यास कारणही आहे. आपल्या वसतिगृहावरील सिमेंटचे जुने पत्रे बदलावेत, असे ठरले आहे. पालकसभांतून त्यावर अनेक सूचना आल्या. कोणी म्हणाले स्लॅब टाका, कोणी रंगीत पत्रे सुचविले, कोकणातल्या एका पालकांनी कौलांचा आग्रह धरला. छपरावर काय घालावे याची चर्चा भरपूर झाली. ते कशाने धरून ठेवावे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. माझ्या मते निवडीचा क्रम येथेच उलटा होतो. आधी बांधणी ठरवावी, आच्छादन नंतर.

मी इतिहासाचा शिक्षक आहे, अभियंता नाही. तरीही छपराचा इतिहास हा आपल्या समाजाचा इतिहास आहे, आणि त्याविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे वाटते. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा ५ वा खंड १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील 'अनटचेबल्स ऑर द चिल्ड्रन ऑफ इंडियाज घेट्टो' या लेखनात गावगाड्याने अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची यादी आहे. अस्पृश्याने कौलारू छपराचे घर बांधणे हा त्या यादीतील एक गुन्हा होय. म्हणजे डोक्यावर गवत असावे की कौल, हे ऐपतीनेच नव्हे, तर जातीने ठरत असे. छपराकडे पाहून घर कोणाचे हे दुरूनच कळावे, अशी ती व्यवस्था होती.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे आपल्या माणसांना स्लॅबची एवढी ओढ का, हे समजते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि मराठवाडा, सोलापूर, सातारा, विदर्भ येथून माणसे कामाच्या शोधात या पट्ट्यात उतरली. पहिले घर पत्र्याचे. पुढे भिंती विटांच्या झाल्या, पत्रे मात्र तेच राहिले. आयुष्यभर कंपनीत राबून निवृत्तीच्या पैशातून ज्याने स्लॅब टाकला, त्याला तो केवळ काँक्रीटचा थर वाटत नाही. या भावनेचा मी आदर करतो. मात्र वसतिगृहाचा निर्णय भावनेवर सोडता येणार नाही, कारण त्याखाली दुसऱ्यांची मुले झोपतात.

प्रथम वारा छपराचे काय करतो ते पाहू. वारा छपराला वरून दाबतो आणि मोडतो, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात बहुतेक छपरे दाबाने मोडत नाहीत, ती उचलली जातात. वेगाने छपरावरून जाणारी हवा वरच्या बाजूस ओढ निर्माण करते. त्याच वेळी वाऱ्याकडील दार किंवा खिडकी उघडी असेल अथवा फुटली, तर आत शिरलेली हवा छपराला खालून ढकलते. ही ओढ आणि हा रेटा एकत्र आले की पत्रा सुटतो. वळचण, आढे आणि चारही कोपरे या ठिकाणी ओढ सर्वांत अधिक असते. तेथील पहिला पत्रा सुटला की त्या फटीतून वारा शिरतो आणि बाकीचे पत्रे एकामागून एक निघतात.

हिशेब कठीण नाही, आठवीचा विद्यार्थीही तो करू शकेल. वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे. दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. त्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ६८ किलो वजनाइतका भरतो. वेग निम्मा, म्हणजे ताशी ६० किलोमीटर असेल, तर दाब निम्मा नव्हे, चौथाई होतो : १७ किलो. उलट वेग थोडा वाढला तरी दाब बराच वाढतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. मुंबईसाठी तो ४४ मीटर आहे. पुण्याच्या आकड्याने दाब ९३ किलोच्या आसपास जातो. छपराच्या आकारानुसार आणि जागेनुसार यात कमी-अधिक होते, कडेला व कोपऱ्यांत तर तो दीडपट-दुपटीपर्यंत चढू शकतो.

आता २० फूट गुणिले १८ फूट अशी एक खोली घ्या. क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस मीटर. 'निसर्ग'च्या झोताइतका वारा आला तर त्या छपराला वर खेचणारे बल सव्वादोन टनांच्या घरात जाईल. अर्धा मिलिमीटर जाडीचे पोलादी पत्रे घातले तर सर्व पत्र्यांचे मिळून वजन दीडशे-पावणेदोनशे किलो. म्हणजे स्वतःच्या वजनाने हे छप्पर जागेवर राहण्याचा प्रश्नच नाही. वस्तीत पत्र्यांवर दगड, विटा, जुने टायर ठेवण्याची पद्धत आहे. साध्या वाऱ्यात पत्रा वाजू नये एवढाच त्याचा उपयोग. मोठ्या वाऱ्यात पत्रा तर जातोच, शिवाय तो दगड शेजाऱ्याच्या अंगणात पडतो. कौलारू छपराचे वजन दर चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस किलो असते, म्हणून ते पत्र्यापेक्षा अधिक तग धरते. पण ६८ किलोच्या ओढीपुढे सुटे कौलही टिकत नाही. कोकणात त्या दिवशी हेच दिसले.

मग स्लॅब हाच उपाय नव्हे काय? पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोंहून अधिक, त्या एका खोलीवर दहा टनांवर. तो उडणार नाही, हे खरे. पण हे दहा टन कोण पेलणार? पत्र्यासाठी बांधलेली नऊ इंची किंवा त्याहून बारीक भिंत, जिला धड पाया नाही, कॉलम नाहीत, पट्टा नाही, तिच्यावर स्लॅब टाकणे म्हणजे वाऱ्याचे संकट टाळून दुसरे ओढवून घेणे होय. आपल्या पालकांपैकी जे लातूर-धाराशिव भागातील आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे अंगावर कोसळून. ती माळवदे कोणत्याही वादळाने उडाली नसती. वजन हा बांधणीला पर्याय नाही, हे तेथे फार मोठी किंमत मोजून कळले. ज्या इमारतीचा सांगाडा मुळातच स्लॅबसाठी आखला आहे, तेथे स्लॅब उत्तमच. जुन्या भिंतींवर तो चढवायचा असेल, तर स्थापत्य अभियंत्याने पाया उकरून पाहून लेखी संमती दिल्याशिवाय एक घमेलेही वर जाऊ देऊ नये.

बांधणी म्हणजे नेमके काय? पत्रा पर्लिनला, पर्लिन कैचीला, कैची भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला, पट्टा भिंतीला किंवा कॉलमला, आणि कॉलम पायाला : ही एक साखळी आहे. वाऱ्याची ओढ या साखळीतून जमिनीपर्यंत पोहोचली पाहिजे. मधली एक कडी कच्ची असली की बाकीच्या पक्क्या कड्यांचा काही उपयोग राहत नाही. पत्रे स्क्रूने घट्ट बसवलेले, पण कैची भिंतीवर नुसती टेकवलेली, असे काम मी या परिसरात अनेक ठिकाणी पाहिले आहे. अशा वेळी पत्रा सुटत नाही. कैचीसकट संपूर्ण छप्पर उचलले जाते. कैचीच्या पायथ्याची लोखंडी पट्टी अँकर बोल्टने पट्ट्यात खोलवर धरलेली असावी, आणि ते बोल्ट पट्टा ओततानाच त्यात सोडलेले असावेत. विटेच्या सांध्यात नंतर ठोकलेला खिळा किंवा बोल्ट वाऱ्याच्या ओढीला पुरत नाही. भिंतीवर पट्टाच नसेल, तर छपराच्या खर्चात पट्ट्याचा खर्च धरावा. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून देणगीदारांना त्याचे आकर्षण नसते. कोनशिलेवर पट्ट्याचे नाव कोणी घालत नाही.

येथे थोडे विषयांतर होईल. मुलांना सहलीला कार्ल्याच्या आणि भाज्याच्या लेण्यांत नेतो तेव्हा मी त्यांना आधी मान वर करायला सांगतो. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच, अखंड खडकात कोरलेले. तरीही त्याच्या कमानदार छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत, आणि त्या दोन हजार वर्षांपासून टिकून आहेत. छत खडकाचे असल्याने या फासळ्या कोणताही भार उचलत नाहीत. त्या आहेत, कारण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी चैत्यगृह होते, आणि त्यात छप्पर म्हणजे प्रथम फासळ्यांचा सांगाडा असे. आज कैची म्हणतात तिची ही जुनी आठवण समजावी. आच्छादनाबाबत मात्र त्या काळी कोणताही हट्ट नव्हता. विनयपिटकातील चुल्लवग्गात विहारांसाठी पाच प्रकारच्या छपरांना अनुमती आहे : वीट, दगड, चुना, गवत आणि पाने. जेथे जे मिळेल ते वापरावे, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

आता आच्छादनाकडे वळू. सिमेंटचे जुने पत्रे आपण काढणार आहोत, ते योग्यच आहे. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगास कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. पन्नासहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली. आपल्या देशात अशा पत्र्यांवर अद्याप सरसकट बंदी नाही. अखंड पत्रा वर असताना धोका कमी असतो. तो फोडताना, कापताना, कोरडा घासताना तंतू हवेत मिसळतात. म्हणून काढताना पत्रे पाण्याने भिजवावेत, हूक कापून पत्रा अखंड खाली उतरवावा, वरून फेकू नये. कामगारांना योग्य मुखपट्ट्या द्याव्यात. काम चालू असताना वसतिगृहात एकही मूल असू नये. तुकडे भरावासाठी, गटारावर झाकण म्हणून किंवा कोंबड्यांच्या खुराड्यासाठी कोणालाही देऊ नयेत. फुकट मिळते म्हणून गरीब माणूस ते घेऊन जातो, आणि धोका त्याच्या घरी जातो. पुन्हा सिमेंटचेच पत्रे घालण्याचा विचार असेल, तर ते ॲस्बेस्टॉसविरहित असल्याचे लेखी घ्यावे. मात्र हे पत्रे ठिसूळ असतात. त्यांवर फांदी पडली किंवा माणूस चढला की ते फुटतात. वादळाच्या दृष्टीने मी त्यांची शिफारस करणार नाही.

कौलांवर माझे व्यक्तिशः प्रेम आहे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून ही चपटी, खाचेत खाच बसणारी कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. कौलाखाली उन्हाळा सुसह्य होतो, फुटलेले एक कौल बदलता येते. परंतु वासे आणि रिपा लागतात, वाळवीची काळजी घ्यावी लागते, माकडे असतील तर विचारूच नये. आणि दरवर्षी शाकारणी करणारे कसबी हात आता थेरगावात सहज मिळत नाहीत. कोकणातील घर कौलारूच ठेवायचे असेल, तर निदान वळचणीकडच्या ओळी आणि आढ्यावरचे कोने तारेने बांधून घ्यावेत. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे पडवी गेली तरी घर उघडे पडणार नाही.

आपल्या वसतिगृहासाठी उरतो तो पोलादी पत्रा, आणि माझा कौल त्यालाच आहे. नुसत्या जस्ताच्या मुलाम्यापेक्षा ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा कारखान्यांच्या हवेत अधिक टिकतो. त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम असते. दुकानदार जाडी सांगतो ती बहुधा रंग आणि मुलामा धरून असते. मूळ पोलादाची जाडी किती, हे विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. स्क्रू रबरी वायसरसह असावेत. वळचण, आढे आणि दोन्ही टोके येथे ते जवळजवळ हवेत. मधल्या भागात अंतर थोडे अधिक चालते. गंज प्रथम पत्र्याला लागत नाही, स्क्रूच्या भोकाला लागतो. म्हणून चांगल्या पत्र्याला हलके स्क्रू लावण्यात काहीच बचत नाही. उतार अगदी कमी ठेवू नये. सपाटीकडे झुकलेल्या छपरावर ओढ वाढते. वीस ते तीस अंशांचा उतार बरा. दोन पाख्यांपेक्षा चार पाख्यांचे छप्पर वाऱ्याला चांगले तोंड देते, कारण त्यात वाऱ्यासमोर सरळ उभी त्रिकोणी भिंत येत नाही. वळचण भिंतीबाहेर फार काढू नये.

पत्र्याचे दोन दोष आहेत. मे महिन्यात खोली तापते, आणि पावसाळ्यात आवाजामुळे वर्ग थांबतो. पत्र्याखाली शिकविलेल्या प्रत्येक शिक्षकाने जून-जुलैत फळ्यावर लिहून तास पुरा केलेला आहे. पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा, बाहेरून फिका रंग निवडावा. दोन्ही त्रास बरेच कमी होतात. पाण्याची टाकी किंवा सौर बंब मात्र या छपरावर ठेवू नये, त्यासाठी वेगळा मनोरा उभारावा.

कामाचा हंगाम दिवाळीच्या सुटीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. एप्रिलमध्ये अर्धे छप्पर उघडे ठेवून वळवाला आमंत्रण देऊ नये. त्यानंतर दरवर्षी १४ एप्रिलच्या जयंतीनंतरच्या आठवड्यात एकदा शिडी लावून स्क्रू, वायसर, पन्हळ आणि पायथ्याचे बोल्ट तपासावेत. हाच आठवडा सुचविण्याचे कारण असे की, जयंतीच्या रोषणाईच्या तारा आणि कापडी फलक आपण पर्लिनला बांधतो आणि पुष्कळदा ते तसेच राहतात. वळवाच्या वाऱ्यात तो फलक शिडासारखा फुगतो.

ठेकेदाराकडून दरपत्रक घेताना पत्रा, सांगाडा आणि बांधणी यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. एकत्रित आकड्यात बांधणीवरच काटछाट होते आणि ती लक्षात येत नाही. आपले कित्येक माजी विद्यार्थी चाकण, भोसरी, तळवडे येथील कारखान्यांत वेल्डर, फिटर आणि अभियंते आहेत. कैचीचा सांधा पाहताक्षणी तो पक्का की कच्चा हे त्यांना कळते. वसतिगृहाच्या इमारतीचा आराखडा शाळेच्या कार्यालयात पाहण्यासाठी ठेवला आहे. मुलींच्या शयनगृहाचे छप्पर प्रथम घेण्याचे ठरले असून, तेथील भिंतीवर पट्टा आहे. मात्र त्यात बोल्ट किती खोल आहेत हे आराखड्यावरून समजत नाही. दिवाळीपूर्वीच्या कोणत्याही रविवारी येऊन कोणी ते उकरून पाहिले, तर दरपत्रक मागविण्याआधी ती गोष्ट निश्चित करता येईल.